आईंच्या बोटांबद्दल, आणि चाचण्यांबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमवातावरच्या वनस्पतींना मी गोळ्यांची फूटपट्टी लावते, प्रकृती पाहून दिलेलं औषध चाचणीत बसवताच येत नाही, आणि तुमच्या आईंची बोटं काढ्याने मोकळी झाली हा पुरावा मी मानत नाही.

आधी माझी चूक. "आयुर्वेदिक औषधांच्या माणसांवर धड चाचण्याच झालेल्या नाहीत" असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. ते चूक होतं, वाक्य बदललं आहे. तुम्ही जे अशक्य म्हणता तेही कोइमतूरला करून झालं आहे. 43 रुग्ण, 36 आठवडे, निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. वैद्यांनी प्रत्येक रुग्णासाठी वेगळी औषधयोजना ठरवली. मग एका गटाला खरं मेथोट्रेक्झेट (आमवातावरचं डॉक्टरांचं नेहमीचं औषध) आणि आयुर्वेदिक औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं प्लासिबो, दुसऱ्याला नेमकं उलट, तिसऱ्याला दोन्ही खरी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. शेवटी तिन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. पण एका गटात जेमतेम बारा ते सतरा माणसं. एवढ्यांत असलेला फरकही दिसायचा राहतो. शिवाय नुसतं प्लासिबो घेणारा गट त्यात नव्हता.

तो गट का लागतो, ते आरए-1 या मिश्रणाच्या चाचणीत दिसतं. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांचे अर्क, 182 रुग्ण, 16 आठवडे. ठरलेल्या निकषांवर किमान 20 टक्के सुधारणा औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 39 टक्के लोकांत झाली, आणि प्लासिबोवाल्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांत. हा फरक ठाम धरण्याइतका नव्हता. त्या 30 टक्के लोकांना खरंच बरं वाटत होतं. हा आजार चढतो-उतरतो, आणि नवं औषध माणूस बहुधा दुखणं अगदी भडकलेलं असताना सुरू करतो. त्यानंतरचा उतार औषधाच्या नावावर जमा होतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात हाच हिशेब वेगळा काढलेला नसतो.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांनाही मी हीच शंका विचारते. मी स्वतः उंदरांचे पंजे मोजत बसले आहे: घोट्यावरच्या शाईच्या खुणेपर्यंत पंजा नळीतल्या पाण्यात बुडवायचा आणि पाणी किती चढलं ते टिपायचं. आमचा अर्क सूज आणणाऱ्या इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासून दिला की आलेख सुंदर यायचा. सूज आल्यावर सुरू केला की जेमतेम फरक. आणि रुग्ण तर सूज आल्यावरच येतो ना! म्हणून अर्क कधीपासून दिला हे न सांगणारा शोधनिबंध मी बाजूला ठेवते.

वनस्पतींत दम नाही असं मी कधीच म्हणणार नाही. चीनमध्ये 207 रुग्णांवर झालेल्या चाचणीत लेइ गोंग तेंग या वेलीचा अर्क मेथोट्रेक्झेटच्या तोडीस तोड ठरला. 24 आठवड्यांनी किमान 50 टक्के सुधारणा झालेले रुग्ण मेथोट्रेक्झेटवर 46.4 टक्के, अर्कावर 55.1, दोन्हींवर 76.8. पण तोच अर्क बायकांची पाळी बंद पाडू शकतो, पुरुषांचे शुक्राणू घटवतो. ही बाजूही लोकांना मोजून-तपासूनच कळली.

आता आई. त्यांची बोटं वळतात, सकाळचा ताठरपणा कमी झाला, हे वाचून बरं वाटलं, खरंच. पण बोटाच्या मधल्या पेराचा सांधा चिमटीत धरून हलकेच दाबून बघा. आतलं अस्तर सुजलेलं असेल तर तो टणक न लागता मऊ, लिबलिबीत लागतो. दुखणं कमी होऊनही ही सूज राहू शकते आणि हाड आतून झिजत राहतं. झिजलेलं हाड कोणत्याच औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि हातांचा एक्स-रे करून घ्या. काढ्यात काय काय आहे ते डॉक्टरांना लिहून द्या, कारण मेथोट्रेक्झेटसोबत यकृताची तपासणी एरवीही करावी लागते.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत मला सापडली नाही: काढा सुरू झाल्यावर आईंचं मेथोट्रेक्झेट चालू आहे की बंद केलंत? तेवढं कळवा.