तुमच्या बुलेटचं इंजिन उघडायची घाई करू नका

नमस्कार दादा,

तुम्ही माझ्या गॅरेजच्या रिव्ह्यूत एक स्टार देऊन लिहिलंय की टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट करण्याचे आणि ऑइलचे मिळून दीड हजार घेतले तरी आवाज गेला नाही, विचारलं तर 'जुन्या बुलेटला एवढा आवाज असतोच' असं सांगून बोळवण केली, भाच्याच्या २०१५च्या बुलेटला असा आवाज येत नाही, आणि आता दुसऱ्या मिस्त्रींनी 'कनेक्टिंग गेलाय, फुल इंजिन काम निघालंय' असं सांगितलंय, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड झिजलाय. पैसे देऊनही आवाज तसाच राहिला की राग येणारच. पण इंजिन उघडायला देण्याआधी एवढं वाचा. तुमची गाडी मी स्वतः चालवून पाहिली आहे, आणि ते इंजिन आज उघडावं असं मला त्यात काही आढळलं नाही.

भाच्याच्या गाडीशी तुलना करू नका. त्याची गाडी यूसीई इंजिनाची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात. तिला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे टॅपेटमधली फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरून निघते. तुमची १९९४ची, कास्ट आयर्न बॅरलची, ३४६ सीसी. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारे लांब पुश रॉड, उजवीकडे टायमिंग कव्हरच्या आत गिअरची रांग, डावीकडे प्रायमरी चेन, गिअरबॉक्स वेगळा. यातला प्रत्येक भाग थोडाथोडा वाजतो. वरच्या अंगाला एकसारखी टिकटिक, टायमिंगच्या बाजूने बारीक सूं असा आवाज, आणि सकाळी पहिली किक मारल्यावर थोडा वेळ पिस्टनचा पोकळ ठकठकाट. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बॅरल लोखंडी. थंडीत दोघांमध्ये फट जास्त असते. तापल्यावर पिस्टन बॅरलपेक्षा जास्त फुगतो, फट भरते आणि आवाज दबतो. तुमच्या गाडीचा दबतो. तापल्यावरही तो तसाच राहिला असता आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असता, तर बोअर करा असं मीच सांगितलं असतं.

आता टॅपेट. तुम्ही लिहिलंय की 'दोन नट फिरवले आणि झालं'. काम काय झालं ते सांगतो. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवायला मी सांगितलं होतं, कारण या इंजिनाचे टॅपेट पूर्ण थंड असतानाच सेट करायचे असतात. सकाळी प्लग काढला, टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणला. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मग बॅरलच्या उजवीकडचं छोटं झाकण काढून तीन पाने लावले, एक टॅपेटला, एक लॉकनटला, एक ॲडजस्टरला. पुश रॉड दोन बोटांत धरून फिरवला की सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली जरासुद्धा हलता कामा नये. लॉकनट आवळताना माप सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचं, आणि सरकलं असेल तर परत पहिल्यापासून. तुमच्या एक्झॉस्टच्या बाजूला वर-खाली चांगलाच खेळ होता, इनलेटला कमी. दोन्ही नीट बसवले. इंजिन तापलं की बॅरल वाढतो, पुन्हा थोडी फट पडते आणि थोडी टिकटिक परत येते. ती यायलाच हवी.

टॅपेट आणखी घट्ट करून ती टिकटिक मला सहज घालवता आली असती. गाडी गप्प झाली असती, तुम्ही खूश होऊन गेला असता. पण मग तापलेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते, तीच वाट बंद होते आणि व्हॉल्व्हची कड जळायला लागते. किक हलकी लागू लागते, घाटात गाडी ओढत नाही, आणि तेव्हा खरोखरच हेड उतरवावं लागतं. शांत केलेल्या बुलेट जळक्या व्हॉल्व्हसकट माझ्याकडे येतात. तसं काम मी करत नाही.

टिकटिक दुसरीकडूनही येऊ शकते, म्हणून तेही तपासलं होतं. एक्झॉस्टचा बेंड हेडला बसतो तिथे गॅस फुटला की अगदी टॅपेटसारखाच चटचट आवाज येतो, पण तिथे काजळीचा डाग पडतो. तुमच्याकडे डाग नाही. डीकॉम्प्रेसरचा, म्हणजे किक मारताना आतला दाब सोडणारा, व्हॉल्व्ह गळत असला तरी तसाच आवाज येतो. तोही ठीक आहे. प्रायमरी चेन ढिली असली की आयडलिंगला डावीकडे खडखड होते, आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर दोष क्लच किंवा चेनच्या बाजूला शोधायचा. तुमच्या गाडीत क्लच दाबून काही बदललं नाही.

कनेक्टिंगचा आवाज वेगळाच असतो, आणि तो उभ्या गाडीत नुसती रेस करून नीट कळत नाही. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला बुश, म्हणजे नळीसारखं बेअरिंग, आहे. तो झिजला की इंजिनावर ओढ पडल्यावर खालून, क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या खोक्यातून), जड डगडग येते. गाडी तापली, ऑइल पातळ झालं की ती वाढते, आणि थ्रॉटल सोडला की तिचा सूर बदलतो. म्हणून मी तुम्हाला मागे बसवून गाडी पसरणी घाटात नेली. मुद्दाम तिसऱ्या गिअरला ओढत वर घेतली, मध्येच थ्रॉटल सोडला, पुन्हा दिला. खालून ठोका आला नाही. फूटरेस्टला मेन बेअरिंगची घरघर लागली नाही. खाली आल्यावर इंजिन गरम असताना मोठा स्क्रूड्रायव्हर क्रँककेसला टेकवून दांडा कानाला लावून ऐकलं, आणि तुम्हालाही ऐकायला दिलं. घाटात एका वळणावर मात्र गाडी जास्त ओढल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा खणखणाट आला होता. तो टायमिंग पुढे गेल्याचा, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेआधी पडत असल्याचा. परत आल्यावर ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमीच्या आत आणली, वेगानुसार ठिणगी पुढे-मागे करणाऱ्या ॲडव्हान्स युनिटच्या ढिल्या पडलेल्या स्प्रिंग बदलल्या आणि टायमिंग पुन्हा लावलं. बिलात ते 'टायमिंग सेटिंग' म्हणून आहे. तुमच्या रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही, पण तुमच्या गाडीतला त्या दिवशीचा खरा दोष तोच होता. तसाच राहिला असता तर पिस्टन भाजला असता.

ऑइलचे पैसे जास्त वाटले, त्याचंही कारण सांगतो. तुमच्या गाडीत १०डब्ल्यू-३० होतं. नव्या छोट्या गाड्यांना ते चालतं, या इंजिनाला गरमीत ते फार पातळ पडतं आणि सगळेच आवाज वाढतात. ते काढून २०डब्ल्यू-५० भरलं. जुनं ऑइल तुमच्यासमोर ट्रेमध्ये काढून त्यात चुंबक फिरवलं, फेल्टचा फिल्टर पिळून पाहिला. बुश सुटायला लागला की तिथे चकाकणारे कण सापडतात. नुसती काळी मळी होती.

त्या मिस्त्रींबद्दल मी वाईट बोलणार नाही. गाडी त्यांनी चालवली का आणि निदान कशावरून केलं, मला माहीत नाही. पण इंजिन उघडायचंच ठरवलंत, तर त्यांना एकच गोष्ट सांगा. आधी फक्त हेड आणि बॅरल उतरवा, आणि क्रँककेस फोडायच्या आधी तुम्हाला बोलवायला सांगा. मग तुम्ही स्वतः कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलला तर घाबरू नका, तो खेळ असतोच. वर-खाली टक् असं जाणवलं तरच कनेक्टिंग गेलाय. तसं काही लागलं नाही, तर क्रँक सुटा करायला प्रेसवर चढवू देऊ नका. एकदा क्रँक फोडून परत जोडताना अलाइनमेंट चुकलं, तर चांगलं इंजिनसुद्धा कायमचं थरथरत राहतं.

आणि हे मात्र लक्षात ठेवा. आवाज अचानक सुरू झाला, रोजच्या जागेवरून दुसरीकडे सरकला, गाडी तापल्यावर वाढू लागला, किंवा चढावर खालून ठोका आला, तर तिथेच थांबा. 'गॅरेजपर्यंत नेऊ' म्हणून एक किलोमीटरही चालवू नका. ऑइल पंपाने ऑइल देणं थांबवलं असेल, तर बुश तेवढ्या अंतरात संपतो. मला फोन करा, टेम्पो पाठवतो.

तुमची शंका अजून फिटली नसेल, तर गाडी संध्याकाळी गॅरेजमध्ये आणून ठेवा. सकाळी ती पूर्ण थंड असताना तुमच्यासमोर टॅपेटचं झाकण काढतो, पुश रॉड तुम्ही स्वतः फिरवून बघा. मग परत घाटात जाऊ, या वेळी चालवा तुम्ही, मी मागे बसून ऐकतो. त्या मिस्त्रींनाही बोलवा, दोघं मिळून ऐकू. तपासणीचे पैसे घेणार नाही. सोमवारी गॅरेज बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी या.