लाकडं खरंच ओली असतात

आमच्या माहेरच्या ग्रुपवर तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. तुमच्याकडेही आला असणार. वर पितळी भांड्यांचा फोटो आणि खाली म्हणणं असं: आजीच्या हातचं कधी काही बिघडायचं नाही. तिला माप लागायचं नाही, पुस्तक लागायचं नाही. मन लावून केलेला पदार्थ फसत नाही. मिक्सर-कुकरने चव घालवली. आणि जाता जाता आजच्या मुलींना टोला: नाचता येईना अंगण वाकडं, रांधता येईना ओली लाकडं.

मी ऐरोलीत राहते, नोकरी करते, आणि माझे रव्याचे लाडू एकदा बत्त्याने फोडून खावे लागले होते. तेव्हा टोला मलाच आहे हे कबूल. पण उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

कधी बिघडायचं नाही? मग मराठीत एवढे शब्द आले कुठून? अनारसा हसतो. चकली तेलात विरघळते. कढी फुटते. भाताचा गिचका होतो. बेसनाचे लाडू बसतात. पाक पुढे जातो. प्रत्येक फजितीला स्वतःचं क्रियापद आहे, आणि ती काही मोबाईल आल्यावर तयार झालेली नाहीत. जिच्याकडे अनारसा कधी फसलाच नाही, तिला त्याच्या हसण्यासाठी वेगळा शब्द कशाला लागला असता?

हसलेला अनारसा मी अगदी जवळून पाहिलाय. २०२३ साली अधिक महिना श्रावणात आला, १८ जुलैला लागला. आई नौपाड्यात राहते. जावयाला वाण द्यायचं म्हणून तीस-तीन, म्हणजे तेहतीस अनारसे करायचे होते. आई लग्नाच्या आधीपासून अनारसे करते. तांदूळ तीन दिवस भिजवले, पाणी रोज बदललं, उपसून पंच्यावर पसरले आणि हॉलमध्ये पंखा लावला. बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही, दोरीवरचे टॉवेल दोन दिवस दमट. तांदूळ हाताला ठीक लागले, तशी तिने ते दळले, गूळ घालून गोळा केला आणि डब्यात भरून ठेवला.

पाचव्या दिवशी तळायला बसलो. पहिला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला. कडेला फेस आला, छान जाळी पडली, मी म्हटलं झालं. आणि मग तो पसरायलाच लागला. मध्ये भोक पडलं, भोकाचं खिंडार झालं, आणि झाऱ्यावर आले ते नुसते तपकिरी धागे. खसखस तुपात तरंगत राहिली.

"हसला गं," आई म्हणाली. दुसराही हसला. तिने गॅस बारीक केला, तरी तिसरा हसलाच. मग तिने गोळ्यात बोट दाबलं आणि म्हणाली, "ओल राहिलीय." ओट्याच्या कोपऱ्यातून एक वाटी पुढे ओढली. चाळलेल्या पिठीतली मूठभर तिने गूळ घालायच्या आधीच बाजूला काढली होती. ती दरवेळी काढते. थोडी थोडी मळत गेली, तासभर झाकून ठेवलं, आणि चौथा अनारसा शहाण्यासारखा गोल राहिला.

माझा सगळा वाद त्या वाटीवर उभा आहे. आईच्या हाताला जे काही आहे ते "बिघडत नाही" असं नाही. बिघडणार हे तिला ठाऊक असतं आणि तिने त्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. गोळा सैल झाला तर पिठी, घट्ट झाला तर पिकलेलं केळं. याला जादू म्हणणं म्हणजे तिची अक्कल काढून घेणं आहे.

मापाचं. शेर, मापटं, पायली हे शब्द काय शोभेला होते? दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. आजी अंदाजाने घालायची हे खरं, पण तो अंदाज एकाच भांड्याचा, एकाच चुलीचा, वर्षानुवर्षांचा. मी आईकडून "तीन वाट्या" लिहून आणलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की माझी वाटी तिच्या दीडपट आहे. तांदळाचंही तेच. एकाच नावाचा तांदूळ, पण दुकानदार विचारतो, जुना देऊ की नवा? जुना पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो. नव्याला तेवढंच पाणी घातलं की गिचका. यात माझा हात कुठे आला?

पुस्तकाचं तर फारच सोपं आहे. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. ते आज आजी असलेल्या बायकांनीच विकत घेतलं आणि लेकीसुनांना दिलं. आईच्या प्रतीची काही पानं डागांनी एकमेकांना चिकटलीयत. या मुद्द्यात एवढंच खरं की आजची रील खोटं बोलते. कांदा कढईत पडतो आणि पुढच्या क्षणाला बदामी झालेला असतो. मधली पंधरा-वीस मिनिटं कापलेली असतात. नवी मुलगी दोन मिनिटांनी मसाला टाकते, आणि रश्शाला कच्च्या कांद्याचा वास येतो. रागवायचंच तर त्या कात्रीवर रागवा.

मन लावण्याबद्दल. माझे दगडी लाडू मी मन लावूनच केले होते, सासूबाईंच्या वाढदिवसाला. एकतारी पाक साधारण १०५ ते ११० अंशांच्या दरम्यान होतो. ११५च्या आसपास गेला की त्याची मऊ गोळी वळते. मधे पाच-दहा अंशांचा खेळ. आणि पाक सुरुवातीला ढिम्म हलत नाही, पण पाणी आटत आलं की पळतो. नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली, पार्सलवाला ओटीपी मागत होता. मन लाडवातच होतं हो, पण मी दारात होते.

मिक्सर-कुकरबद्दल थोडं मान्य. पुरण मिक्सरमधून काढलं की चिकट होतं, ते पुरणयंत्रातूनच जावं. पाट्यावरच्या वाटणाची भरड वेगळी, तीही खरी. पण कुकर? उघड्या भांड्यात पाणी १००च्या वर जात नाही, कुकरमध्ये १२०च्या आसपास जातं, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. चव कमी होण्याचं मला तरी यात काही सापडत नाही.

आणि ती म्हण. ती चुलीपुढे न बसलेल्या कुणीतरी केलेली असावी असा मला दाट संशय आहे. ओलं लाकूड पेटत नाही, कारण आधी त्यातल्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि जाळाची ऊब तिथेच खर्ची पडते. वर धूर होतो तो वेगळाच. म्हणूनच पावसाच्या आधी लाकडं फोडून आत भरून ठेवायची धांदल असायची. ओली लाकडं ही सबब असती तर ती कशाला भरली असती? आईच्या तांदळाचंही जुलैत हेच झालं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, एवढं कोण वाचणार. मेसेज मामांनी टाकला होता, सत्तरीचे आहेत, मनाने चांगले. मी त्यांना फक्त विचारलं, "मामा, आजीची एखादी पोळी तरी करपत असेल ना? ती कुणाच्या पानात जायची?"

बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच दिसत राहिल्या. मग रात्री साडेदहाला उत्तर आलं: "माहीत नाही गं. ती सगळ्यांच्या नंतर जेवायची. तोवर आम्ही झोपलेलो असायचो."