खड्डा आधीच खणलेला असतो

टीव्हीवरच्या बागकामाच्या कार्यक्रमात खड्डा नेहमी आधीच खणलेला असतो. निवेदक रोप घेऊन प्रसन्न चेहऱ्यानं येतो, "चला, हे आता इथं लावून टाकू," म्हणतो आणि वाकतो, तर रोपाच्या मापाचा गोल गरगरीत खड्डा हजर. तो कोणी खणला, खणताना कुदळ दगडावर आपटून कोणाच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि तो माणूस त्या दगडाला उद्देशून काय बोलला, हे सगळं कापलेलं. मला नेमकं तेच बघायचं असतं.

बाकीच्या प्रेक्षकांना काय हवं असतं हे शोधायला मला घराबाहेर पडावं लागत नाही. सगळे नमुने घरातच आहेत. माझे सासरे, म्हणजे अण्णा, हे कार्यक्रम निवेदकाला नापास करण्यासाठी बघतात. त्यानं झारी उचलली की हे खुर्चीत पुढे सरकतात. "एवढं पाणी? मुळं कुजणार!" त्यानं कात्री काढली की, "फांदीवरच्या डोळ्याच्या वर तिरका छेद घे रे, तिरका!" आणि निवेदकानं तो तिरकाच घेतला, तर अण्णांचा चेहरा असा पडतो की पुढची पाच मिनिटं ते कोणाशी बोलत नाहीत. सासूबाईंचं बागेकडे लक्षच नसतं. बागेच्या मागे जे घर दिसतं, त्याचे पडदे, पायऱ्या, खिडक्या यांची त्या तपासणी करत असतात. "फुलं एवढी राखलीयेत, पण काचा बघितल्यास का गं?" लेक फक्त यंत्रांसाठी येते, फांद्यांचा भुगा करणारं यंत्र दिसलं की तिचा आठवडा सार्थकी लागतो. नवरा झोपण्यासाठी बघतो. हा टोमणा नव्हे. या निवेदकांच्या आवाजात खरोखरच काहीतरी असतं. कंपोस्ट कसं कालवायचं हे ते ज्या सुरात सांगतात, त्या सुरात बँकेच्या कर्जाचे हप्ते सांगितले तरी माणूस शांत झोपेल. मात्र आवाज बंद केला की हा दचकून उठतो आणि म्हणतो, "बघतोय ना मी!"

आणि मला पिठ्या ढेकूण हवा असतो.

तो माझ्या जास्वंदीवर मुक्कामाला आहे. पानाचा देठ जिथं फांदीला चिकटतो त्या बेचक्यात, कोणीतरी कापसाचा बारीक बोळा कोंबून ठेवावा तसा. काडीनं उचकटला की पांढरी पूड माखलेला लांबट किडा बाहेर येतो आणि अत्यंत सावकाश पाय हलवू लागतो. पळून जाण्याची घाई नाही, पकडले गेल्याची लाज नाही. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे नुसतं पाणी फवारलं तर ते घसरून जातं आणि ढेकणाची फुकटात आंघोळसुद्धा होत नाही. म्हणून पाण्यात थोडा साबण घालायचा, म्हणजे ते चिकटतं. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण त्याला संरक्षण आहे. तो झाडाचा रस ओढतो आणि जास्तीची साखर चिकट गोड थेंबांच्या रूपात मागे टाकतो. ते थेंब मुंग्यांना आवडतात. मग मुंग्या त्याला सांभाळतात, त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकून लावतात, आणि खालच्या पानांवर सांडलेल्या त्या गोडव्यावर काळी काजळी धरते ती वेगळीच. म्हणजे आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, मग ढेकणाचा. यात राजकारण आहे, हप्ता आहे, पहारेकरी आहेत. एवढं नाट्य एका बेचक्यात चालू असताना कॅमेरा कुठं असतो? कारंज्यावर.

हे सगळं मला कळलं ते शेतकी शिकलेल्या भाच्याकडून. टीव्हीवर काय होतं ते सांगते. निवेदक म्हणतो, "जास्वंदीवर कधीकधी कीड येते." मी सावरून बसते. तो एक पान हळूच उलटं करतो. मी श्वास रोखते. पान लख्ख! शाळा तपासनीस येणार म्हणून पुसून ठेवल्यासारखं. "तर नियमित निरीक्षण करत राहा," असं म्हणून तो पुढच्या वाफ्याकडे निघतो, मागे बासरी सुरू होते. टीव्हीवरच्या बागेत कीड ही फक्त बोलण्यात असते.

पूर्वी असं नसावं असं म्हणायचा मोह होतो, पण पूर्वी तर धड दिसतही नव्हतं. बीबीसीनं टीव्ही सुरू केला 1936 मध्ये, आणि त्याच वर्षी सी. एच. मिडलटन या गृहस्थांना लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसच्या आवारात बागकाम दाखवायला उभं केलं. चित्र कृष्णधवल. गुलाब करडा, हिरवळ करडी, मिडलटन करडे. तरीही लोक बघत होते, यावरून प्रेक्षकाला फुलांचे रंग लागतात हा समज तिथंच निकालात निघायला हवा होता. पुढे 1968 मध्ये 'गार्डनर्स वर्ल्ड' सुरू झाला, तो अजून चालू आहे. त्यातले सुरुवातीच्या काळातले निवेदक पर्सी थ्रोअर कोट-टाय घालून, पाईप ओढत बागकाम करायचे. अण्णांना हे कळल्यापासून ते त्यांना मानतात. सत्तरच्या दशकात थ्रोअर यांनी एका रसायन कंपनीच्या जाहिराती केल्या आणि त्यांना कार्यक्रम सोडावा लागला. मला हा निर्णय पटतो. "या पानावर हे फवारा" असं सांगणाऱ्या माणसाचा हात दुसऱ्या कोणाच्या खिशात नाही, एवढी खात्री प्रेक्षकाला हवीच. याच कार्यक्रमाचे पुढचे निवेदक जेफ हॅमिल्टन यांच्यावर लोकांचा जीव होता तो याच कारणानं: भंगारातल्या लाकडातून, जुन्या काचांतून काहीतरी ठोकून दाखवायचे. विकत आणा म्हणणारे निवेदक पुष्कळ आहेत. अडगळीत बघा म्हणणारा विरळा.

आणि मग कुत्रा. सासूबाई खिडक्यांवरून नजर हटवतात ती एवढ्यासाठीच. 'गार्डनर्स वर्ल्ड'चे निवेदक मॉन्टी डॉन यांच्या मागे नायजेल नावाचा गोल्डन रिट्रीव्हर तोंडात चेंडू धरून फिरायचा. मालक खताविषयी गंभीर काही सांगत असताना हा नेमका त्याच वाफ्यापाशी चेंडू टाकून उभा. 2020 मध्ये तो गेला तेव्हा त्याची बातमी झाली, आणि आमच्या घरात ती सासूबाईंनी सांगितली. पन्नास वर्षांच्या कार्यक्रमातलं एकही झाड त्यांना आठवत नाही.

माझं खरं भांडण आहे ते कायापालटवाल्यांशी. 1997 ते 2005 या काळात 'ग्राउंड फोर्स' नावाचा कार्यक्रम होता. घरमालकाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचं, दोन दिवसांत त्याच्या परसाचं सोनं करायचं, आणि तो परत आला की त्याला चकित करायचं. एकदा तर ही टोळी नेल्सन मंडेलांच्या बागेत जाऊन काम करून आली. त्यानंतर सगळ्या जगात याच्या नकला निघाल्या. शेवट ठरलेला: मालक येतो, हात तोंडावर नेतो, डोळे भरून येतात, नावं वर सरकू लागतात. माझी मात्र तळमळ तिथं सुरू होते. कारण त्या दिवशी वाफा भरलेला दिसावा म्हणून रोपं अगदी खेटून लावलेली असतात. ती वाढणार. ज्याला हातभर जागा हवी त्याला वीतभर दिलेली. सहा महिन्यांत तिथं चेंगराचेंगरी होणार, मधली पिवळी पडणार, ते लाकडी फळ्यांचं अंगण पावसात निसरडं होणार, आणि कारंज्याचा पंप शेवाळानं बसणार. हे कोण दाखवणार? प्रत्येक कायापालटवाल्या चमूला दोन वर्षांनी त्याच दारात, न कळवता, कॅमेऱ्यासकट उभं करायचा नियम हवा. रडायचं असेल तर त्या वेळी रडा.

लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाचं वेगळं. ते 1913 पासून रॉयल हॉस्पिटलच्या आवारात भरतं आणि मे महिन्यातल्या त्या मोजक्या दिवसांसाठी रोपवाटिकावाले काही झाडं थंडीत ठेवून मागे रोखतात, काही उबेत ठेवून पुढे ढकलतात, म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी फुलं एकाच दिवशी उमलतात. ती जत्रा आहे आणि ती तसं कबूलही करते. फक्त तिची चित्रं बघून कोणी तोच वाफा घरी मागू नये. आमच्या लेकीनं मागितला होता.

बारीकसारीक तक्रारी झटपट सांगते. झाडाचं नाव पडद्यावर येतं ते चष्मा सापडेपर्यंत थांबत नाही. मी फोननं फोटो काढते, त्यात नाव अर्धं विरलेलं असतं आणि हाती फक्त "...नियम" लागतं; असल्या शेपटीची झाडं जगात किती आहेत हे शोधायला बसले तर रात्र जाते. झाडाशेजारी माणूस उभा करत नाहीत, त्यामुळे ते गुडघ्याइतकं आहे की छपराइतकं, हे लावल्यावरच कळतं. "छोटी बाग" या भागात ज्या दोन आरामखुर्च्या ठेवलेल्या असतात, त्या माझ्या बाल्कनीत आणल्या तर मला दारात उभं राहावं लागेल. आणि हिम पडायच्या आत डेलियाचे कंद उकरून काढा, हा सल्ला ज्यांच्या गावी हिम कधी पडलंच नाही अशांनी ऐकून काय करायचं? कार्यक्रम कुठं बनतो त्यावरून त्याचा ऋतू ठरतो, बघणाऱ्याला मात्र घाम पुसत लोकरीच्या टोप्या बघाव्या लागतात.

एकदाच मनासारखं झालं होतं. 2020 च्या टाळेबंदीत चित्रीकरणाची माणसं घराबाहेर पडू शकेनात, तेव्हा 'गार्डनर्स वर्ल्ड'नं प्रेक्षकांनाच आपापल्या बागा फोनवर टिपून पाठवायला सांगितलं. कॅमेरा हलतोय, वारा माइकमध्ये शिरतोय, बोलणाऱ्याचं अर्धं कपाळ चौकटीबाहेर. कोणाच्या खिडकीत चार कुंड्या, कोणाचं सगळं लक्ष एका टोमॅटोवर. मी ते तुकडे शोधशोधून बघितले. अण्णांनी एकालाही नापास केलं नाही. निवेदकाशी वैर असतं, शेजाऱ्याशी नसतं, असं काहीसं ते म्हणाले, जे आमच्या शेजाऱ्यांना ऐकून नवल वाटलं असतं.

तेव्हा मी घरच्यांपुढे माझ्या कार्यक्रमाचा आराखडा मांडला. बासरी नाही. निवेदक पहिली दहा मिनिटं खुरपं शोधतो. ते त्याच्या दुसऱ्या हातात सापडतं. मग कॅमेरा जास्वंदीच्या एकाच बेचक्यावर, अर्धा तास, मुंग्यांच्या येण्याजाण्यासकट. नावं पडद्यावर मोठ्या अक्षरांत, चष्मा सापडेपर्यंत. मागच्या वर्षी लावलेली सगळी झाडं पुन्हा दाखवायची, मेलेली धरून, आणि मेलेल्यांपुढे थोडं जास्त थांबायचं.

"निवेदक मी," अण्णा म्हणाले.

लेकीनं भुगा करणारं यंत्र असेल का विचारलं. नवऱ्याचं मत आम्ही घेतलं नाही, तो बघत होता. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बाल्कनीच्या काचेवर एकदा बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "आधी या काचा पुसून घ्या. आणि कुत्रा कुठून आणणार ते ठरवा."