शुभेच्छुक : समस्त सांडपाणी मित्रमंडळ

परिषदेसाठी मॉरिशसला जायचं ठरलं, तर पहिला सल्ला असा की तिकीट हातात पडेपर्यंत सोसायटीत कुणाकडे बोलू नका. हातात पडल्यावरही बोलू नका. लिफ्टमध्ये तर अजिबातच नको.

माझं क्षेत्र सांडपाणी. कारखान्यातून निघालेलं घाण पाणी स्वच्छ कसं करायचं आणि स्वच्छ केल्यावर तळाशी जो गाळ उरतो त्याचं काय करायचं, हे बघणं माझं काम. या गाळाविषयी आमच्या घरात दोन वाक्यांच्या पुढे कुणी ऐकून घेत नाही. पण "गाळावर पेपर आहे, मॉरिशसला" असं म्हटल्याबरोबर ठाण्यातल्या कासारवडवलीच्या आमच्या अख्ख्या इमारतीला गाळात गोडी वाटू लागली. कुलकर्णीकाका म्हणाले, "सांडपाणी बघायला एवढ्या लांब? आपला नाला काय वाईट आहे?" शिंदेवहिनींनी बोलणं कमी आणि डोळे मिचकावणं जास्त केलं. त्यांनी संध्याकाळी गोव्याची फुलाफुलांची टोपी आणून दिली, आणि "भाऊजींना नाही नेत?" हे चारचौघांत तीन वेगवेगळ्या सुरांत विचारलं. भाऊजी, म्हणजे आमचे हे, त्या वेळी हॉटेलच्या स्विमिंग पूलचे फोटो बघत होते. "मी मागे बसून टाळ्या वाजवीन," एवढीच त्यांची विनंती होती.

सगळ्यांचे सल्ले समुद्राचे. कुणी सनस्क्रीन सुचवलं, कुणी गॉगल, कुणी नारळपाणी. जुलैत जायचं होतं, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. ठाणे विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. आपल्याकडे जुलैत पावसाळा, तर तिकडे हिवाळा. आता हा हिवाळा काही काश्मीरचा नव्हे. किनाऱ्यावर दुपारी तापमान चोवीस-पंचविसापर्यंत जातं, रात्री सतरा-अठरावर येतं. पण आग्नेयेकडून जो वारा सुटतो तो डोक्यावर टोपी ठेवू देत नाही. मधल्या पठारावरच्या क्यूरपीप गावात तर पाऊस आणि गारठा बरोबरच असतात. शिवाय जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो. परिषदेचं शेवटचं सत्र साडेपाचला संपतं. या दोन वाक्यांत तुमचा सगळा समुद्र आला.

म्हणून स्वेटर घ्या. बाहेरच्या हवेसाठी लागेल तेव्हा लागेल, सभागृहात मात्र लागणारच. परिषद जगात कुठेही भरो, एसीचा रिमोट एकाच माणसाकडे असतो आणि तो माणूस जेवायला गेलेला असतो. वहिनींची गोव्याची टोपी मी दुपारच्या सत्रात कानांपर्यंत ओढून बसले. शेजारच्या डॅनिश बाईंनी ती कुठे मिळाली असं विचारलंही.

परिषद डिसेंबर ते मार्चमध्ये असेल तर हिशेब वेगळा. तो तिकडचा उन्हाळा आणि वादळांचा मोसमही. वादळाचे इशारे एक ते चार अशा वर्गांत देतात. तिसरा लागला की बस बंद, दुकानं बंद, सगळ्यांनी घरात बसायचं. आयोजकांनी या महिन्यांत 'हॉटेलचे दर आकर्षक' असं कळवलं, तर ते आकर्षक का आहेत ते समजून घ्या आणि रद्द करता येईल असंच तिकीट काढा.

यापुढचा सल्ला पोस्टरचा, म्हणजे आपलं संशोधन एका मोठ्या पानावर मांडून परिषदेत भिंतीवर लावतात त्याचा, आणि माझ्या मते सर्वात मोलाचा. पोस्टर कागदावर छापू नका. कागदाला पुठ्ठ्याची लांब नळी लागते, आणि ती नळी म्हणजे सामान की शस्त्र यावर विमानतळाच्या प्रत्येक टेबलावर नव्याने चर्चा होते. कापडावर छापलं की घडी घालून दोन साड्यांच्या मध्ये जातं. ठाण्यासारख्या गावात छापणाऱ्यांची काय कमी? इथे मनुष्य जन्माला आला की फ्लेक्स लागतो, दहावी झाला की लागतो आणि नगरसेवक झाला की तो उतरतच नाही.

नौपाड्यातल्या एका दुकानात गेले. स्क्रीनवर कुणीतरी भाऊ होते. पांढरा शर्ट, जोडलेले हात, मागे वाघ. मुलगा भाऊंच्या गालावरचा पिंपल पुसत होता.

"कुणाचा वाढदिवस?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"वाढदिवस नाही. सांडपाणी."

"साइज?"

"ए-झिरो. चौऱ्याऐंशी बाय एकशे एकोणीस सेंटिमीटर."

"फुटात बोला, मॅडम."

"पावणेतीन बाय चारला जरा कमी."

पेनड्राइव्ह लावला. माझे आलेख, तक्ते, गाळातल्या ओलाव्याचे आकडे, सगळं स्क्रीनवर आलं. मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "फोटो नाही?"

"कुणाचा?"

"तुमचा. एवढा मोठा प्रोग्राम परदेशात, आणि फोटो नाही? वर साहेबांचे गोल गोल टाकू."

माझ्या साहेबांचा गोल फोटो मॉरिशसच्या भिंतीवर लावायची कल्पना मला क्षणभर फार आवडली, पण मी नको म्हटलं. तेवढ्यात त्याला शीर्षकाखालची चार नावं दिसली. "हे शुभेच्छुक ना? मग वर कशाला? खाली घेतो." ते माझे सहलेखक होते. त्यांचं योगदान बघता मुलाचं अगदीच चुकलं होतं असं मला म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी नमुना बघायला गेले तर चारी बाजूंनी झेंडूचं तोरण आणि आलेखाला सोनेरी झळाळी. ते सगळं काढायला लावलं. त्याचा चेहरा उतरला. पण जाता जाता तो म्हणाला, "मॅडम, अक्षरं वाढवा. माणूस गाडीवरून जातो, त्याच्याकडे तीन सेकंद असतात. तेवढ्यात कळलं तर कळलं." पोस्टर कसं असावं यावर मी आजवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, त्या सगळ्यांत मिळून एवढं शहाणपण नव्हतं. मी निम्मा मजकूर कापला. त्यानं न सांगता चारी कोपऱ्यांना पितळी कड्या ठोकून दिल्या. वारा असला तर बांधायला बरं, म्हणे. सभागृहात कसला वारा, असं मी म्हटलं नाही. फुकट होत्या.

खाण्याचं काय न्यायचं यावर सासूबाईंशी बोलणी झाली. चकली, भडंग, लाडू यांना हरकत नव्हती. अडलं कढीपत्त्यावर आणि तुळशीच्या रोपावर. "तिकडे आपली मराठी माणसं आहेत ना, त्यांना दे." रोपं, बिया, फळं परवानगीशिवाय त्या देशात नेता येत नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. त्यांना ते माझ्या सासरद्वेषाचं नवीन रूप वाटलं. खरं तर तिथल्या माणसांना कढीपत्ता पाठवायची गरजच नाही. उसाच्या मळ्यांत राबायला करारावर मजूर नेणं सुरू झालं ते १८३४ साली. ती माणसं जिथे उतरत ते पोर्ट लुईचं आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपलीही माणसं होती. कढीपत्ता आज तिथल्या रोजच्या स्वयंपाकात आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी आहे. औषधांचं मात्र सांभाळा. झोपेच्या गोळ्या आणि जोरकस वेदनाशामकं यांना आधी परवानगी लागते. कुलकर्णीकाकांनी 'असू दे, उपयोगी पडेल' म्हणून दिलेली पट्टी घरीच ठेवा.

व्हिसा भारतीय पासपोर्टला आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि परिषदेचं निमंत्रण कागदावर छापून हाताशी ठेवा. मोबाईल नेमका त्या खिडकीपाशी बंद पडतो.

आता प्रवास. मुंबईहून मॉरिशस साधारण सहा तासांवर आहे. कासारवडवलीहून सहारचा विमानतळ किती तासांवर आहे हे कुणीही सांगू शकत नाही. कापूरबावडीपर्यंत मेट्रोच्या खांबांची मोजदाद करता येते, माजिवड्याला देवाचं नाव घ्यायचं. मुलुंडच्या नाक्यावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना टोल माफ झाला. पूर्वी आपण पैसे भरून अडकत होतो, आता तसेच अडकतो. पुढे पवई. तिथे माझ्या ड्रायव्हरनं गाडी बंद करून आरामात विचारलं, "फ्लाइट कितीची आहे?" या प्रश्नानं जो घाम फुटतो, त्यावर मॉरिशसचा कुठलाही वारा उतारा नाही. मधला एक अख्खा तास वाया जाणार, असं धरूनच निघा.

तिथे उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे करायचं. हातातलं होतं, पोटातलं होत नाही. आमच्याकडे सहाला पाणी येतं, म्हणून मी तिथे पहाटे साडेचारला टक्क जागी. परिषदेचं जेवण रात्री साडेआठला, म्हणजे माझ्या पोटाच्या दहाला. भडंग इथे कामी येतो.

तिकडे प्लगच्या पिना चौकोनी, ब्रिटिश पद्धतीच्या, नाहीतर युरोपातल्या दोन गोल. आपला तीन गोल पिनांचा प्लग कशातच जात नाही. ठाणे स्टेशनबाहेर अॅडॉप्टर मिळतो तो घेऊन जा, जमल्यास दोन. पहिल्या दुपारी माझ्या जादा अॅडॉप्टरमागे चार देशांचे प्राध्यापक फिरत होते. माझ्या गाळाला तेवढी गर्दी झाली नाही.

त्यांच्या पैशालाही रुपयाच म्हणतात, पण तो आपल्यापेक्षा चांगला वजनदार आहे. मेनूकार्डवरचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. टॅक्सीचं भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि जरूर घासाघीस करा. विमानतळ आग्नेयेला आणि हॉटेलं बहुतेक उत्तर-पश्चिमेच्या किनाऱ्यावर, त्यामुळे तास-सव्वा तासाचा मामला असतो. माझ्या टॅक्सीत डॅशबोर्डवर गणपती होता. मी आनंदानं मराठीत सुरू झाले. ड्रायव्हरनं तिथल्या क्रिओल बोलीत उत्तर दिलं, मग इंग्रजीत सांगितलं की शाळेत मराठी होतं, आता आजीशिवाय कुणी बोलत नाही. गप्पा छान झाल्या. भाडं एक पैसा कमी केलं नाही. इतकं आपलेपण ठाण्यातही मिळतं.

काचेतून ऊस बघत गेले. अख्खा देश ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. एकट्या ठाणे शहरात २०११ च्या जनगणनेतच १८ लाखांवर होती. रस्ता रिकामा बघून मला अस्वस्थ व्हायला झालं.

परिषदेविषयी फार सांगण्यासारखं नाही. परिषद झाली.

शेवटच्या दिवशी दुपार मोकळी मिळाली. किनारे तिथे सार्वजनिक आहेत, हॉटेलवाल्याला 'जाऊ का' असं विचारायचं कारण नाही. पाण्यात उतरायचं तर रबरी बूट घाला. प्रवाळाचे तुकडे पायाला कापतात आणि काटेरी जीव दिसत नाहीत. किनाऱ्यावर सुरूचं बन, खाली घराघरांचे डबे उघडलेले, आणि एका गाडीवर ढोल पुरी. ही ढोल पुरी म्हणजे पुरणपोळीनं गूळ सोडून तिखटाशी संसार थाटलेला. आत डाळ, वर घेवड्याचा रस्सा, टोमॅटोचा झणका, मिरची. एक मागायची नाही, जोडी मागायची. आमचे बीजभाषण करणारे प्राध्यापक तिथेच भेटले. रस्सा त्यांच्या कोपरापर्यंत आला होता. 'शून्य विसर्ग', म्हणजे घाण पाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं, हा त्यांचा विषय.

गाडीवाल्यानं माझ्या गळ्यातला बिल्ला वाचला आणि गाळाचं काय करता म्हणून विचारलं. पुरी लाटत, उलटत, लाटत त्यानं आपल्या घरामागच्या सेप्टिक टँकची हकीकत सांगितली. तो कधी उपसला, किती पैसे गेले, मेव्हणा काय म्हणाला. असा श्रोता मला सभागृहात मिळाला नव्हता. "पोस्टर दाखवा," तो म्हणाला. पिशवीत होतंच. उलगडलं तर वाऱ्यानं हातात ठरेना. त्यानं गाडीखालून सुतळी काढली, पितळी कड्यांतून ओवली आणि सुरूच्या दोन झाडांमध्ये पोस्टर ताठ बांधलं.

रांग वळून बघायला लागली. सर्वात मागच्या आजींनी चष्मा वर केला, शीर्षकाखालची चार नावं वाचली आणि गाडीवाल्याला काहीतरी विचारलं.

"ह्या विचारतायत," त्यानं मला सांगितलं, "चौघं कुठल्या मतदारसंघातून उभे आहेत?"