३०० मीटर लांबूनच बघा

आज सकाळी चहा घेता घेता एका ट्रॅव्हल ग्रुपवर व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. स्वालबार्डचा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे असलेल्या नॉर्वेच्या बेटांचा व्हिडिओ. बोटीच्या अगदी पुढ्यात ध्रुवीय अस्वलाची मादी, तिच्या मागे पिल्लू, आणि बोटीवरून आपल्याच मराठीत आरडाओरडा, "ए, इकडे बघ, इकडे बघ!" मादी मान वर करते, हुंगते, पिल्लाकडे वळते आणि चालायला लागते. बोट तिच्या मागे मागे. खाली लिहिलंय, "नॉर्वे सरकारने ३०० मीटरचा फालतू नियम आणून ट्रिपची वाट लावली होती, पण आमचा कॅप्टन दिलदार निघाला." त्यावर लाईक आणि हार्टचा पाऊस. लाईक करणाऱ्यांत माझ्या ओळखीची माणसं आहेत. ताडोबात कोणी जिप्सीतून खाली उतरलं तर चिडणारी माणसं!

नियम काय आहे ते आधी सांगते, कारण तिथे बोलणाऱ्यांपैकी कोणी तो वाचलेला दिसत नाही. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. अस्वल अचानक जवळ दिसलं तर आपण मागे जायचं. संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज न्यायचं नाही आणि किनाऱ्यावर ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच उतरायचं. अस्वलाचा पाठलाग करणं, त्याला आमिष दाखवणं हे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून बेकायदा आहे. म्हणजे त्या व्हिडिओत जे चाललंय तो गुन्हा आहे, आणि आपण त्याला दिलदारपणा म्हणतोय.

मार्च ते जून का? ऐन हिवाळ्यात, नवीन वर्षाच्या आसपास मादी बर्फातल्या बिळात पिल्लं देते आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांना घेऊन बाहेर येते. तोवर महिनोन् महिने तिच्या पोटात काही गेलेलं नसतं. अंगावरची चरबी जाळून तिने पिल्लांना दूध पाजलेलं असतं. नेमक्या याच दिवसांत समुद्राच्या बर्फावर सील पिल्लं देतात आणि तिला वर्षभराची बेगमी करायची असते ती याच काही आठवड्यांत. श्वास घ्यायला सील जिथून वर येतं त्या भोकापाशी ती तासन् तास निश्चल पडून राहते. तिथे आपली बोट घरघरत आली की सील येत नाही. संपलं. आपल्याला वाटतं, अस्वलाला काय झालं, जिवंत तर आहे!

मी गेल्या वर्षी जुलैत तिथे होते. छोटं जहाज होतं. आमच्या बरोबर जुन्नरकडचे एक काका होते, ऊस आणि द्राक्षाची शेती. मुलाने हौसेने पाठवलं होतं. एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद खाडीच्या तोंडाशी तरंगत्या बर्फावर मादी आणि पिल्लू दिसलं. दिसलं म्हणजे दुर्बिणीतून, पिवळट ठिपका आणि शेजारी छोटा ठिपका. जहाज थांबलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पुढे काही सरकेना. काकांनी मला बोलावलं, कारण त्यांना इंग्रजीची सवय नव्हती. "ताई, त्या पोरीला सांगा, वरचे पैसे देतो. जन्मात एकदा आलोय, जरा पुढं घ्या म्हणावं." ती पोरगी म्हणजे आमची गाईड, पंचविशीतली नॉर्वेजियन. मी सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, आपण पुढे गेलो की ती उठणार. उठली की चालणार, पिल्लू मागे येणार. या जनावराला पळणं फार महाग पडतं, अंग तापतं, साठवलेली चरबी जळते. आणि उन्हाळ्यात पुढचं सील कधी मिळेल ते तिलाही माहीत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

तेवढ्यात वारा फिरला. एवढ्या अंतरावरूनही त्या मादीने डोकं उचललं आणि नाक आमच्या दिशेला वळवलं. बस, तेवढंच. गाईडने ताबडतोब वायरलेसवर कॅप्टनला सांगितलं आणि जहाज मागे घेतलं. नियमाप्रमाणे आम्ही ठीक अंतरावर होतो! तरी मागे घेतलं. मादीने पुन्हा डोकं खाली टाकलं. मला तेव्हा कळलं की ३०० हा आकडा उगाच कागदावर बसून काढलेला नाही आणि तो फार तर कमी असेल, जास्त नाही.

ग्रुपवरच्या एका गृहस्थांचं म्हणणं असं की "कायदे करून कुठे जनावरं वाचतात का?" वाचतात साहेब. याच जनावराच्या बाबतीत वाचलीत. स्वालबार्डमध्ये एकेकाळी शिकारी लाकडी पेटी मांडायचे. आत आमिष, आमिषाला दोरी, दोरीचं दुसरं टोक बंदुकीच्या चापाला. अस्वल तोंड आत घालायचं आणि गोळी थेट डोक्यात. शिकारी घरी झोपलेला. ती मादी असेल तर मागे पिल्लं राहायची, ती मरायची किंवा विकली जायची. पैसेवाले हौशी शिकारी जहाजाने यायचे, अलास्कात तर विमानातून पाठलाग व्हायचा. मग नोव्हेंबर १९७३ मध्ये ऑस्लोत पाच देश एका टेबलाशी बसले: नॉर्वे, कॅनडा, डेन्मार्क, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया. शीतयुद्धाचा काळ, अमेरिका आणि रशिया एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. पण या प्राण्यासाठी दोघांनी सह्या केल्या. नॉर्वेने त्याच वर्षापासून स्वालबार्डमध्ये शिकार बंद केली. रशियाने तर १९५६ मध्येच बंद केली होती. त्यानंतर अस्वलं सावरली. आज तुम्हाला तिथे जाऊन व्हिडिओ काढायला अस्वल शिल्लक आहे ते त्या सह्यांमुळे.

दुसरा मुद्दा, "बोटीमुळे अस्वल मरत नाही, हवामानामुळे मरतं." बरं, अर्धा मुद्दा मान्य. स्वालबार्डमधली अस्वलं सध्या अंगाने चांगली आहेत, असं तिथले संशोधकही सांगतात, हेही मान्य. रेनडियर मारतात, पक्ष्यांची अंडी खातात, तग धरून आहेत. पण म्हणून त्यांना त्रास द्यायला मोकळीक मिळते का? घरात एक संकट आहे म्हणून दुसरं आणून ठेवायचं, हा कुठला न्याय? आणि बोटीमुळे मरत नाही हेही सरसकट खरं नाही. जुलै २०१८ मध्ये तिथेच एका क्रूझचे पहारेकरी प्रवाशांना उतरवण्याआधी बेट तपासायला गेले, अस्वलाने एकावर हल्ला केला आणि बाकीच्यांनी अस्वलाला गोळी घालून मारलं. अस्वल कोणाच्या जहाजावर चढून आलं नव्हतं. ते त्याच्या बेटावर होतं.

आपलंच आठवा ना. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून जिप्सी लावून अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा याच ग्रुपवर केवढा संताप होता! "असल्यांना आयुष्यभर जंगलात पाऊल ठेवू देऊ नका" इथपर्यंत. मग आता काय बदललं? पाहुणे आपण आणि देश दुसऱ्याचा, एवढंच.

त्या काकांचं पुढचं सांगायचं राहिलं. रात्री जेवणानंतर, म्हणजे ऊन होतंच, तिथे जुलैत सूर्य मावळत नाही, काका डेकवर दुर्बीण घेऊन उभे होते. बराच वेळ. गाईड आली तेव्हा त्यांनी परत मला हाक मारली. म्हणाले, "हिला सांगा, आमच्याकडं उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं निघाली की आम्ही तोड थांबवतो. फॉरेस्टवाले येतात, पिल्लं तिथंच ठेवतात, माणसं लांब होतात. रात्री मादी येऊन घेऊन जाते. तोवर कुणी तिकडं फिरकत नाही." मी सांगितलं. तिने विचारलं, उसाचं नुकसान होत नाही का? काका म्हणाले, "होतंय की. पण आई हाय ती."

माझा राग हे आठवलं की जरा खाली येतो. वरचे पैसे देऊ करणारा माणूस आणि तोड थांबवणारा माणूस एकच होता. त्यांच्या शिवारात जे त्यांना सांगावं लागत नाही, ते परक्या बर्फात कोणीतरी सांगायला हवं होतं. कायदा तेवढंच करतो. आणि त्या रात्रीनंतर काकांनी एकदाही "पुढे घ्या" म्हटलं नाही. म्हणून मला व्हिडिओवाल्यांवर कायमची फुली मारायची नाहीये. पण त्या कॅप्टनवर मात्र कारवाई व्हायला हवी.

आता ज्यामुळे माझा खरा संताप होतो ते लिहिते. पर्यटकांना ३०० मीटरवर उभं करणाऱ्या याच नॉर्वेने, नियम लागू झाला त्याच्या तिसऱ्या महिन्यात, मार्च २०२५ मध्ये, बॅरेंट्स समुद्रात योहान कास्टबर्ग हे नवं तेलक्षेत्र सुरू केलं. दिवसाला सव्वादोन लाख बॅरलच्या आसपास तेल! त्याच समुद्राच्या बर्फावर ही अस्वलं जगतात. बोटीला अंतर, तेलाला काही नाही.

अमेरिकेने तर हे कायद्यातच लिहून ठेवलंय. मे २००८ मध्ये ध्रुवीय अस्वलाला त्यांच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घेतलं. कारण काय दिलं? तापमानवाढीमुळे समुद्रावरचं बर्फ कमी होतंय. उत्तम. आणि त्याच दिवशी तेव्हाचे 'इंटिरियर' खात्याचे, म्हणजे सरकारी जमिनी आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री डर्क केम्पथॉर्न यांनी सोबत एक खास नियम जोडला, ज्याचा अर्थ असा की ज्या धुरामुळे हे होतंय त्या धुराला हा कायदा हात लावणार नाही. आजाराचं नाव प्रमाणपत्रावर छापायचं आणि औषधावर बंदी घालायची! पुढे ओबामांच्या सरकारनेही तो नियम तसाच ठेवला, त्यामुळे पक्षांची नावं कोणी सांगू नका. तिकडे अलास्काच्या ब्यूफोर्ट समुद्रातली दक्षिणेकडची अस्वलं या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी घटून ९०० च्या आसपास आली होती. किनाऱ्यावर बर्फाखाली मादीचं बीळ असेल तर तेलकंपन्यांनी दीड किलोमीटरवर थांबायचं असा नियम आहे. पण बीळ शोधायचं विमानातून, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने. नंतर तपासलं तेव्हा निम्म्याहून जास्त बिळं त्या कॅमेऱ्याला दिसलीच नव्हती. जे दिसलंच नाही त्याच्यापासून लांब कसं थांबणार?

कॅनडातल्या इन्युइट या मूळनिवासी लोकांना बाहेरच्यांचे असले कायदे आवडत नाहीत, ते कोटा ठरवून शिकार करतात आणि त्यांचा त्या अस्वलांशी हजारो वर्षांचा संबंध आहे. त्यांना मी मुंबईत बसून काही शिकवणार नाही. विषय त्यांचा नाही, आपला आहे. विमानाने जाऊन, लाखो रुपये मोजून, भाड्याच्या लेन्स घेऊन जाणाऱ्यांचा.

आणि "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार्डमध्येच न्यी-ओलसुंड इथे आहे, आणि ते चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला आहे. तिथे आपले शास्त्रज्ञ राहतात. वस्तीबाहेर जाताना बंदूक न्यायची असते, वस्तीतली दारं कुलूप न लावता ठेवतात, अस्वल आलं तर जो कोणी असेल त्याला आत शिरता यावं म्हणून. ती बंदूक कधी चालवायला लागू नये याचीच सगळे काळजी घेतात. अस्वल मारलं गेलं तर तिथल्या गव्हर्नरच्या कार्यालयाकडून चौकशी होते, मारणारा कोणीही असो. मला त्या व्यवस्थेबद्दल आदर आहे, तेलाचा राग धरूनही.

"जवळून पाहिल्याशिवाय प्रेम कसं बसणार?" असंही एकीने विचारलंय. काकांनी ठिपका पाहिला होता.

यंदा जाणाऱ्यांसाठी, कारण मला मेसेज येतायत: ३० जूनपर्यंत ५०० मीटर, १ जुलैपासून ३००. बुकिंग करताना कंपनीला थेट विचारा की अस्वल दिसलं तर तुम्ही किती अंतरावर थांबता. उत्तर द्यायला कां कूं केलं तर दुसरी कंपनी बघा. मोबाइलवर भरवसा ठेवू नका, चांगली दुर्बीण न्या. गाईडला पैसे देऊ करू नका, तिची नोकरी जाईल. आणि ज्यांनी तो व्हिडिओ टाकलाय त्यांना मी खाजगीत लिहिलंय, काढून टाका म्हणून. संध्याकाळपर्यंत काढला नाही तर तो स्वालबार्डच्या गव्हर्नर कार्यालयाला पाठवणार आहे, बोटीचं नाव त्यात स्पष्ट वाचता येतंय.