घासलं, पण दिसलं नाही

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या घरी बिअर करायची मोकळीक दिली. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन. भांडी कुणी घासायची यावर मात्र कायदा गप्प आहे, म्हणून गराजमधलं ते खातं माझ्याकडे.

बिअर उकळायचं नवंकोरं स्टीलचं पातेलं स्वच्छ असतं, यावर विश्वास ठेवू नये. पांढरं फडकं आतून फिरवलं की काजळासारखं काळं निघतं. ते पॉलिशचं आणि कारखान्यातल्या तेलाचं. काट्याने काटा काढतात तसं आधी खायच्या तेलाने पुसायचं (घरातले विचारतात, फोडणी कसली?). मग ६० अंशांच्या १० लिटर पाण्यात ७५ ग्रॅम पीबीडब्ल्यू (बिअरची भांडी धुवायची अल्कधर्मी पावडर), अर्धा तास घासाघीस. खळखळून धुऊन झालं की आतल्या भिंतीवर पाणी ओतून बघायचं. सलग पडदा उतरला तर सुटलात. थेंब मोत्यांसारखे बसले, तर तेल अजून मुक्कामाला आहे. पुन्हा श्रीगणेशा.

आता आम्ल. गंज थोपवतो तो स्टीलमधल्या १८ टक्के क्रोमियमचा ऑक्साइड, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. घडवताना पृष्ठभागावर सुटं लोखंड चिकटून राहतं आणि गंजाची सुरुवात तिथून होते. ते विरघळवायला १० लिटर कोमट पाण्यात ४२० ग्रॅम लिंबूसत्त्व. भिंती वीस मिनिटं फडक्याने ओल्या ठेवायच्या, मग धुऊन पातेलं हवेवर सुकवायचं. एवढं करून दिसतं काय? काहीच नाही! चिंचेने घासलेला तांब्या निदान चकाकतो तरी.

तारेची घासणी लावणाऱ्याला मात्र फळ लगेच दिसतं. तिचे लोखंडी कण रुतून बसतात आणि पातेल्यावर तांबूस वांग उठतात. ब्लीचमधल्या क्लोराइडने तर बारीक खड्डे पडतात, ते बुजत नाहीत.

खरा छळ पातेल्याच्या तोटीचा. तीन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून उघडतो तो) बाहेरून सोज्वळ, आत गोळ्यामागे मागच्या खेपेचा चिकट वर्ट, म्हणजे बिअर व्हायच्या आधीचा माल्टचा गोड काढा. वास थेट गोठ्यातल्या आंबोणाचा. चार बोल्ट, दोन टेफ्लॉनच्या चकत्या, आणि त्यातली एक हमखास गाडीखाली गडगडते. खोलायचा कंटाळा असेल तर दांडी अर्धवट फिरवून गरम पीबीडब्ल्यू सोडावं. ते गोळ्यामागे पोचतं. कितपत पोचलं, हे बघायला तोटी खोलावी लागते.