सरासरीमागे पाड्यावरची शाळा दिसत नाही
ज्या लेखाबद्दल हे पत्र लिहीत आहे, त्या लेखात तिसरीच्या मुलांच्या शैक्षणिक सर्वेक्षणातील सरासरी गुणांवरून नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांची तुलना केली आहे. मात्र त्या सरासरीसाठी शाळा कशा निवडल्या जातात, हे पाहिल्याशिवाय ती तुलना करू नये, असे मला कळकळीने वाटते. पटसंख्येच्या प्रमाणात शाळा निवडण्याच्या पद्धतीत तिसरीत ६० मुले असलेल्या शाळेला ६ मुलांच्या शाळेपेक्षा दहापट संधी मिळते. प्रत्येक निवडलेल्या शाळेतून समान संख्येने, समजा ३०, मुले घेता आली, तर मोठ्या शाळेतील एकेका मुलाची संधी तितकीच कमी होऊन हा फरक आपोआप भरून निघतो; पण सातपुड्यातील पाड्यावर ३० मुले आणायची कोठून?

धडगाव तालुक्यातील अशाच एका शाळेत मी चाचणी घेण्यासाठी गेलो होतो. पहिली ते चौथी एकाच खोलीत, तिसरीच्या पटावर पाच नावे आणि समोर दोनच मुली. उरलेली मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली. अशा ठिकाणी दोन मुलींची उत्तरे न निवडलेल्या इतर लहान शाळांतील मुलांच्या वतीनेही धरावी लागतात, म्हणजे त्यांना मोठा भार द्यावा लागतो आणि अंदाज डळमळीत होतो. यावर उपाय म्हणून लहान शाळांचा स्वतंत्र स्तर, म्हणजे वेगळा गट, करून त्यांतून समान संधीने निवड करावी, किंवा शेजारच्या दोन-तीन शाळा जोडून एक घटक मानावा. ‘असर’ या घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या ग्रामीण शैक्षणिक सर्वेक्षणाप्रमाणे जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे घेतली, तर गावात असूनही शाळेत न येणारे मूल सापडते, स्थलांतरित मात्र तेथेही निसटते. म्हणून चाचणीची तारीख ठरवतानाच तोडीचा हंगाम विचारात घ्यावा.